वाचकांचे प्रश्न : एआयनं काढलेलं चित्र सिनेमात चालतं का?

मागच्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की पडद्यावर जे जे दिसतं त्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देणारा एक माणूस सेटवर असायलाच हवा, आणि एआयच्या चित्राला तो माणूस नसतो. त्यावर एवढी पत्रं आली की या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच देतेय. मी 22 वर्षं आर्ट डिपार्टमेंटमधे काम करतेय, मराठी सिनेमा, हिंदी सिरियल, जाहिराती, सगळं केलंय, त्यामुळे जे लिहितेय ते तिथून लिहितेय. सगळ्या पत्रांना जागा नाही, सात घेतलीत.

ताई, आम्ही चार मित्रांनी 20 मिनिटांची शॉर्टफिल्म केली, सगळं मिळून बजेट 70 हजार. गोष्ट 1962 सालच्या गिरगावातल्या चाळीतली. भिंतीवर वारलेल्या आजीचा फोटो हवा होता तो एआयकडून करून घेतला, आणि स्वप्नाच्या सीनमधे तीन पेंटिंग दिसतात तीपण. आता आमच्यातलाच एकजण म्हणतो हे चोरीचं आहे, फेस्टिव्हलला पाठवू नका. काढून टाकू का? – एक वाचक, विरार

तुम्ही लिंक पाठवलीत म्हणून फिल्म पूर्ण बघितली, आणि आधी हे सांगते की फिल्म चांगली आहे, शेवटचा नळावरचा सीन तर मी परत लावून बघितला. पण आजीच्या फोटोपाशी मी अडकले. नथ उजव्या नाकपुडीत आहे. आपल्याकडे नथ डाव्या बाजूला घालतात, हे तुमच्या घरातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं पहिल्या सेकंदाला सांगितलं असतं, आणि पदराची घडी तर बहुधा कुठल्यातरी आजच्या लग्नाच्या फोटोवरून उचललीय. हे मी चूक काढायची म्हणून सांगत नाहीये, सेटवर चुका माझ्याही होतात, पण तिथे कोणीतरी कपडेपटातली मावशी येऊन सांगते की अहो ताई हे असं नसतं. तुमच्या फोटोला तशी मावशी भेटलीच नाही कारण तो फोटो सेटवर तयारच झाला नाही, तो कोणाच्यातरी मोबाइलमधून थेट फ्रेममधे गेला.

तुमच्यासारखंच एक प्रकरण 2024 मधे गाजलं होतं. ‘लेट नाइट विथ द डेव्हिल’ नावाचा हॉरर सिनेमा आला, 1977 च्या एका टीव्ही टॉक शोची गोष्ट, छोट्या बजेटचा, लोकांना आवडलेला. त्यात ब्रेकच्या वेळी दिसणारी तीन स्थिर चित्रं एआयवर केलेली होती, तीही नंतर हातानं सुधारलेली, पडद्यावर क्षणभर दिसणारी. प्रेक्षकांच्या लक्षात आलं आणि बघू नका म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली. तीन चित्रांवरून एवढा राग कशाला असं बरेच जण म्हणाले, मला मात्र तो राग समजतो, कारण त्या सिनेमाची सगळी मजा जुना टीव्ही हुबेहूब उभा करण्यात होती आणि नेमक्या त्याच जागी, जिथे एका ग्राफिक आर्टिस्टला दोन दिवसांचं काम मिळालं असतं, तिथे मशीन आलं.

तेव्हा फिल्म काढून टाकू नका, फोटो बदला. गिरगावात, दादरला, कुठल्याही जुन्या बिऱ्हाडात जा, ट्रंकेत ठेवलेला स्टुडिओतला फोटो निघतोच, मागे रंगवलेला पडदा, स्टूलवर फुलदाणी, गालांवर हातानं लावलेला गुलाबी रंग. त्या घरच्यांना नीट विचारून, लेखी परवानगी घेऊन वापरा आणि शेवटी त्यांचे आभार माना. पेंटिंगसाठी आर्ट कॉलेजच्या मुलांना विचारा, पैसे द्या, थोडे का असेना पण द्या. आणि हे करायला वेळच नसेल तर निदान फेस्टिव्हलच्या फॉर्ममधे आणि क्रेडिटमधे स्पष्ट लिहा की ही चित्रं एआयची आहेत. लपवलेलं बाहेर आलं की मग तुम्ही खरोखर मेहनतीनं केलेल्या गोष्टींवरही लोक संशय घेतात, तुमच्या त्या नळाच्या सीनवरसुद्धा.

ताई, मी नऊ वर्षं स्टोरीबोर्ड, म्हणजे शूटआधी सीनची शॉटप्रमाणे चित्रं, काढतो. आधी डायरेक्टर स्क्रिप्ट घेऊन समोर बसायचे, मी काढायचो. आता प्रॉडक्शनकडून एआयच्या फ्रेम्स येतात आणि सांगतात फक्त क्लीनअप करून दे, पैसे आधीच्या एक तृतीयांश. नाही म्हटलं तर दुसरा तयार असतो. घर चालवायचंय. काय करू? – स्टोरीबोर्ड आर्टिस्ट, डोंबिवली

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मनातून गेलं नाही. नाही म्हणा असं मी इथे बसून सांगणार नाही, हप्ते तुम्हाला भरायचेत.

पण क्लीनअप हा शब्द आधी तुमच्या बोलण्यातून काढा कारण तो खोटा आहे. तुम्ही जोडलेल्या फ्रेम्स मी बघितल्या. चौथ्या फ्रेममधे हिरॉइनच्या उजव्या खांद्यावर पर्स, पाचव्यात डाव्या. ती प्लॅटफॉर्मवर डावीकडून येतेय आणि पुढच्याच फ्रेममधे गाडीचं तोंड भलतीकडे, म्हणजे दिशेची लाइन तुटली, तशी शूट केली तर एडिटला ती गाडीकडे चाललीय की गाडीपासून लांब हेच कळणार नाही. चेहरा तर प्रत्येक फ्रेममधे वेगळ्या बाईचा. हे निस्तरायचं म्हणजे सीन पहिल्यापासून विचार करून पुन्हा लावायचा, कॅमेरा कुठे, कोण कोणाकडे बघतंय, कधी कट करायचं. ते स्टोरीबोर्डचंच पूर्ण काम आहे, वर दुसऱ्याच्या चुका उपसायचं काम जास्तीचं. त्यामुळे फ्रेमवर रेट घेऊ नका, दिवसावर घ्या, आणि पहिल्या दोन कामांत किती तास गेले ते वहीत लिहून ठेवा. रेटवर बोलताना ती वही समोर ठेवता येते. मी माझ्या टीमसाठी हे केलंय आणि दोनदा तरी लाइन प्रोड्यूसरनं, म्हणजे खर्च सांभाळणाऱ्यानं, ऐकलंय.

दुसरं लेखी घेण्याचं. 2023 मधे अमेरिकेतल्या सिनेमा-टीव्हीच्या लेखकांनी 148 दिवस संप केला, त्यांच्या मागण्यांत एआय मोठा मुद्दा होता, आणि शेवटी जो करार झाला त्यात एक साधी गोष्ट आहे, की कंपनीनं लेखकाला दिलेला मजकूर एआयचा असेल तर तसं आधी सांगायचं. आपल्याकडे एवढ्या ताकदीचा संप चित्रं काढणाऱ्यांनी केलेला मी तरी बघितला नाही, पण हे एक वाक्य तुमच्या वर्क ऑर्डरच्या मेलमधे टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. असं लिहा : मला दिलेल्या फ्रेम्स एआयच्या असतील तर तसं लिहून कळवावं, आणि मी काढलेल्या फ्रेम्स माझ्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही एआयला शिकवायला वापरू नयेत. उत्तर आलं नाही तरी मेल राहतो.

आणि तुमच्या असोसिएशनचं कार्ड असेल तर मीटिंगला जा. डोंबिवलीहून अंधेरीला जायचं म्हणजे काय दिव्य असतं मला माहितीये, तरी जा, कारण हा प्रश्न एकट्याच्या भांडणानं सुटणारा नाही, दुसरा तयार असतो असं तुम्ही लिहिलंय ना, तो दुसराही तिथेच बसलेला असेल.

तुम्ही स्वतः एआय वापरता का? खरं सांगा. – दादर

वापरलंय. दोन वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टची पिच होती, म्हणजे प्रोड्यूसरला पटवायची मीटिंग, डायरेक्टर घाईत, प्रोड्यूसरला चार दिवसांत लूक दाखवायचा होता, गोष्ट परळच्या जुन्या मिलमधली. माझ्या असिस्टंटनं एका रात्रीत 30 चित्रं काढून आणली. दिसायला जबरदस्त, मलापण आवडली, खोटं कशाला बोलू. पिच पास झाली. त्यातल्या एका चित्रात मोठा लोखंडी जिना होता, वरून धुळीतून ऊन येतंय, आणि डायरेक्टर त्या जिन्याच्या प्रेमातच पडले, क्लायमॅक्स तिथेच करायचा म्हणाले.

मग तो प्रिंट घेऊन आमचा सुतार माझ्याकडे आला, 30 वर्षं सेट उभे करतोय हा माणूस. त्यानं चित्र टेबलावर ठेवलं, जिन्यावरून बोट वर वर नेलं आणि विचारलं, ताई, हा जिना जातो कुठे? मी बघितलं तर खरंच, सातव्या पायरीनंतर जिना भिंतीत शिरत होता, कठडा एका बाजूनं सुरू होऊन दुसऱ्या बाजूला संपत होता, आणि खालचा खांब जमिनीला टेकतच नव्हता. मी 22 वर्षांत कितीतरी वाईट स्केचेस काढली असतील पण हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता, कारण पेन्सिलनं जिना काढताना सातव्या पायरीला हात आपोआप थांबतो, आता लँडिंग कुठे, वर दार आहे का, हिरो पळत आला तर डोकं आपटेल का. काढणं म्हणजे हे सगळं एकेक करून ठरवणं. तिथे कोणीच काही ठरवलं नव्हतं, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तोवर ते चित्र पक्कं बसलं होतं. जिना आम्ही केला, बराच वेगळा केला, बजेट वाढलं, आणि डायरेक्टर शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्या फोटोसारखं नाही झालं.

तेव्हापासून माझ्या टीमचा नियम आहे. डायरेक्टरसमोर पहिलं चित्र हातानं काढलेलंच जाणार, मग ते कितीही कच्चं असो. एआय फक्त आमच्या आमच्यात, रंगाचा अंदाज घ्यायला वगैरे, तेही हल्ली कमीच.

बाई, मी साधा प्रेक्षक. मला गोष्ट आवडली की झालं, चित्र माणसानं काढलं की कॉम्प्युटरनं, मला काय फरक पडतो? – मुलुंड

तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, असा विचार करणारे खूप जण आहेत आणि त्यात चूक काही नाही. ऑक्टोबर 2025 मधे जिओहॉटस्टारवर एआयनं बनवलेलं महाभारत आलं, तुम्हीही बघितलं असेल. माझ्या घरी ते लागलं तेव्हा सासूबाई पाचव्या मिनिटाला म्हणाल्या, सगळ्यांचे डोळे असे काय गं, कोणी कोणाकडे बघतच नाहीये. त्यांना एआय काय ते माहीतही नव्हतं. पण डोळ्यांचं तंत्र उद्या सुधारेल, म्हणून मी त्यावर माझं म्हणणं उभं करत नाही.

मी तुम्हाला दुसरं उदाहरण देते. ‘रांझणा’ 2013 चा. शेवटी कुंदन, म्हणजे धनुष, मरतो, तो शेवट बघून थिएटरमधून गप्प बाहेर पडलेली माणसं मी बघितलीत. ऑगस्ट 2025 मधे त्याची तमिळ आवृत्ती पुन्हा लावली आणि एआय वापरून शेवट बदलला, कुंदन जिवंत. दिग्दर्शक आनंद एल. राय यांचा विरोध होता, धनुषनं जाहीरपणे सांगितलं की हा तो सिनेमा नाही ज्याला मी होकार दिला होता. ज्यांच्याकडे हक्क होते त्यांनी तरी केलं. आता सांगा, गोष्ट आवडली की झालं म्हणता ना, उद्या तुम्हाला आवडलेली गोष्ट तशीच राहील याची खात्री कोण देणार? काम करणाऱ्या माणसाचा शब्द तिथे चालत असेल तरच ती खात्री आहे. फरक तुम्हालाही पडतो.

एआयनं केलेल्या चित्राचा कॉपीराइट कोणाला? – ठाणे

थोडक्यात सांगते, मी वकील नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 पासून असं आहे की कॉम्प्युटरनं तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती. पण ते लिहिलं तेव्हा आजचं एआय कोणाच्या डोक्यात नव्हतं, त्यामुळे प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला काय काढायचं ते लिहून सांगणारी ओळ, टाकणारा कर्ता की ते टूल बनवणारी कंपनी, यावर वाद होणारच. अमेरिकेत कोर्टानं साफ सांगितलंय, माणूस कर्ता नसेल तर कॉपीराइट नाही. म्हणजे ज्यांना एआयचं पोस्टर स्वस्त वाटतंय त्यांनी हाही विचार करावा की उद्या ते कोणी उचललं तर अडवणार कशाच्या जोरावर. आणि कलाकारांनी कलम 57 लक्षात ठेवा, हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव सांगायचा आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर आक्षेप घ्यायचा अधिकार त्यात आहे. एआयनं केलेल्या आवाजाच्या नकलेबद्दल मुंबई हायकोर्टानं 2024 मधे अरिजित सिंग आणि 2025 मधे आशाताई भोसले यांच्या बाजूनं आदेश दिलेत. चित्रं काढणाऱ्यांचं नाव तेवढं मोठं नसतं, त्यामुळे आपल्याला कागदच सांभाळावे लागतात.

माझे वडील सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. फ्लेक्स आलं आणि दोन-तीन वर्षांत काम बंद झालं, ते घरी बसले. तेव्हा इंडस्ट्रीतलं कोणी रडलं नाही. मी आता व्हीएफएक्समधे आहे, एआय वापरतो, आणि आता तुम्ही सगळे आरडाओरडा करताय. तेव्हा कुठे होता? – लालबाग

तुम्ही बरोबर बोलताय. कोणी रडलं नाही. मी लहान असताना भारतमाता थिएटरच्या समोर उभी राहून होर्डिंग बघत बसायचे, जवळ गेलं की नुसते निळे, केशरी, हिरवे पट्टे आणि चार पावलं मागे आलं की अमिताभचा चेहरा, त्याच्या एका गालावर हिरवा रंग का लावायचे हे मला कॉलेजमधे रंगशास्त्र शिकल्यावर कळलं. हुसेनही मुंबईत होर्डिंगच रंगवायचे सुरुवातीला. बाबूराव पेंटर तर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले, स्वतः कॅमेरा बनवला, स्वतःच्या सिनेमाची पोस्टर स्वतः काढली. आपला सिनेमा रंगवणाऱ्यांच्या हातातूनच आला आणि तुमच्या वडिलांच्या पिढीला आपण नीट निरोपसुद्धा दिला नाही. आम्ही तेव्हा शिकत होतो, फ्लेक्स किती झटपट येतं याचंच कौतुक करत होतो. ते चुकलं.

म्हणूनच आता बोलतेय. आणि एक फरक मला दिसतो तो तुमच्यासमोर ठेवते, पटतो का बघा. फ्लेक्सच्या मशीननं तुमच्या वडिलांचं काम घेतलं, पण ते मशीन तुमच्या वडिलांची होर्डिंग बघून शिकलं नव्हतं. एआय शिकलंय. जगभरच्या चित्रकारांनी, फोटोग्राफरनी इंटरनेटवर टाकलेल्या कामावर, न विचारता, पैसे न देता. जानेवारी 2023 मधे काही चित्रकारांनी स्टेबिलिटी एआय आणि मिडजर्नी यांच्यावर केस केली तेव्हा लोक म्हणाले चित्रकार घाबरलेत, आणि जून 2025 मधे डिस्नी आणि युनिव्हर्सल यांनीच मिडजर्नीवर केस केली, त्यांची पात्रं न विचारता वापरली म्हणून. म्हणजे स्वतःच्या खिशाला लागलं की मोठ्या स्टुडिओंनाही हेच वाटतं.

तुमच्या व्हीएफएक्समधे रोटो (फ्रेम फ्रेम करून माणसाची कड कापणं), वायर पुसणं असली डोळे फोडणारी कामं मशीननं केली तर मला आनंदच आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती करणारी मुलं मी बघितलीत. तिथे एआय वापरता म्हणून तुम्हाला कोणी नावं ठेवू नयेत. फक्त तुमच्या वडिलांची कामं घरात कुठे असतील, फोटो असतील, कापडाचा एखादा तुकडा असेल तर त्यावर त्यांचं नाव आणि सिनेमाचं नाव लिहून ठेवा. आणि मला दाखवायला आणा, खरंच आणा, आमच्या सेटवरच्या मुलांना बघू दे.

मुलाची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालीय, ए ग्रेड. त्याला अप्लाइड आर्टला जायचंय, पुढे सिनेमात. घरचे म्हणतात एआय आलंय, कशाला वर्षं वाया घालवायची. आई म्हणून घाबरलेय. – कांदिवली

ताई, घाबरणं साहजिक आहे आणि नोकरी पक्की मिळेलच असं खोटं मी सांगणार नाही. नवीन मुलांची जी पहिली कामं असायची, कोणाच्या तरी हाताखाली प्रॉप्सची स्केचेस काढ, दुकानांच्या पाट्या डिझाइन कर, ती कमी होतायत हे मी डोळ्यांनी बघतेय, आणि या सगळ्या वादात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते कारण मी तशाच पाट्या काढत काढत शिकले. तरीपण पाठवा. माझ्याकडे आज मुलगा आला तर मी त्याचं सॉफ्टवेअर विचारत नाही, ते कोणीही महिन्याभरात शिकतं. मी त्याला घेऊन एखाद्या जुन्या चाळीत जाते आणि तिथे बसून गॅलरी काढायला सांगते. पिंप कुठे ठेवलंय, चपला कुठे काढतात, दोरीवरचे कपडे उन्हाच्या कुठल्या बाजूला आहेत हे त्यानं बघितलं की नाही, तेवढंच बघते.

तेव्हा प्रवेशाच्या सीईटीचा अभ्यास करू दे, आणि रविवारी सकाळी त्याला वही देऊन बोरिवली स्टेशनच्या भाजी मार्केटमधे पाठवा. दोन तास. फोन घरी ठेवून. अशा दहा वह्या भरल्या की मला पत्र लिहा, मी त्याला एक दिवस सेटवर बोलावते.